वळायचं राहून गेलं

"दादाची सायकल तुमच्या फेरीत उतरवा," एवढंच मुद्रितशोधक दवाखान्यातल्या नर्सला बोलला होता. त्याचा थोरला भाऊ हृदयविकाराने गेला, आणि ज्या विभागात त्याचे शेवटचे दिवस गेले, त्या विभागाच्याच मदतीसाठी दवाखान्याची सायकलफेरी निघणार होती. जितकं अंतर कापाल, तितकी देणगी. कुणीतरी तरणाताठा ती सायकल चालवेल, असं मुद्रितशोधकाच्या मनात होतं. नर्सला वाटलं, धाकटा भाऊच चालवणार. फेरीचा फलक छपाईला तो काम करायचा त्याच छापखान्यात आला, तेव्हा त्यावर मधोमध त्याचा स्वतःचा फोटो!

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणारा हा माणूस फलकाकडे बघतच राहिला. तो तोंड उघडणार, तोच मशीनवाला म्हणाला, "मानलं बुवा तुम्हाला! आम्ही सगळ्यांनी तुमच्या नावावर देणगी बोललीय. मालकांनीसुद्धा!"

मालकांनीसुद्धा म्हटल्यावर त्याने फलकावर 'छापा' असा शेरा मारला.

संध्याकाळी तो वहिनीकडे गेला. "वहिनी, मला सायकल येत नाही हो."

"माहितीये." दादा गेल्यापासून ती मोजकंच बोलायची. तिने जिन्याखालची सायकल काढली, चाकांत हवा भरली. "चला मैदानावर."

सीट धरून मागे धावताना ती सारखी ओरडायची, "पुढे बघा, भावजी! माझ्याकडे काय बघताय?" त्याचे गुडघे सोलवटले, कुंपणाशी चांगलीच ओळख झाली. ब्रेक दाबला की आपण पडतो, एवढं मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. फेरीच्या आदल्या दिवशी तो कसाबसा सरळ जाऊ लागला. वळणं आणि थांबणं सकाळी बघू, असं ठरलं. सकाळी चेन निघाली आणि ती बसवण्यातच वेळ गेला.

शिट्टी झाली, वहिनीने ढकललं आणि मुद्रितशोधक निघाला. पाण्याचं टेबल आलं नि गेलं.

"बघा, घोटभर पाणीसुद्धा घेत नाही! भावावर जीवच तसा होता," लोक हळहळले.

मग परतीचं वळण आलं. तिथला स्वयंसेवक झेंडा नाचवत ओरडला, "डावीकडे! अहो, डावीकडे!"

त्याने हँडल किंचित वळवून पाहिलं. सायकल लागली डगमगायला. "जरा पुढे जाऊन येतो!" तो अदबीने ओरडला आणि सरळ गेला. फलकावरचा माणूस, त्यालाच रस्ता ठाऊक असणार, म्हणून निम्मी फेरी त्याच्यामागे गेली.

रस्ता संपला तिथे कोबीचं शेत होतं. सायकल बांधाला अडली आणि तो कोबीत जाऊन बसला. मागचे लोक धापा टाकत भोवती जमले. त्यांत हृदयविभागाचे मोठे डॉक्टरही होते; जास्तीच्या अंतराची देणगी ते बोटांवर मोजत होते.

कुणाच्या तरी स्कूटरवरून वहिनी पोचली. कानाला कोबीचं पान लागलेल्या भावजींकडे तिने पाहिलं, ओठ घट्ट दाबले, पण जमेना. ती बांधावर बसून खदाखदा हसायला लागली. "अहो, हे असते ना आज..." म्हणाली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. त्याचेही भरले. किती तरी दिवसांनी त्या घरातलं कुणी हसलं होतं.

जरा वेळाने तिने सायकल उचलून उलटी फिरवली. तो अंग झाडत चढला.

"वहिनी, आता तेवढं थांबायचं शिकवा."

"इतक्यात नको!" डॉक्टर घाईघाईने मध्ये पडले. "विभागाला अजून एक यंत्र हवंय."