पऱ्हाटीच्या अग्नीस न्हाऊ घातलें त्याची हकिकत

श्रीगजानन, कुलस्वामिनी आणि काळी आई यांचे चरणीं मस्तक ठेवून लिहितें ऐसें जे. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, माघमासीं, कोणे एके राज्यीं कापूस वेचून जाहला आणि शिवारांत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, उरल्या, मग रयतेनें रिवाजाप्रमाणें ढीग पेटविले आणि धूर ऐसा कोंदला कीं दिवसा दिवे लावावे लागले. ते समयीं राणी सगुणाबाईसाहेबांची कन्या वेणूबाई बाळंतपणास माहेरीं आली होती, आणि कुशींतलें बाळ खोकून दूध टाकूं लागलें. राजवैद्य बोलिले, "हवा निवळली नाहीं तर बाळ-बाळंतीण सासरीं रवाना करावी." वेणूबाई म्हणाली, "आई, अजून सव्वा महिनाही झाला नाहीं गं. इतक्यांत घालवतेस?" बाईसाहेब सोमवारचा उपास न सोडतांच उठल्या आणि उपाय विचारूं लागल्या.

मग राज्याचे भूमिवैद्य, मातीचे जाणकार, हरबाजी यांस पाचारण जाहलें. त्यांनीं रयत जमवून खालीं निमुळता खड्डा खणून दाखविला आणि सांगितलें कीं वाळल्या पऱ्हाट्या वरून पेटवाव्या, थोड्या थोड्या घालीत जाव्या, म्हणजे जाळच धूर खाऊन टाकितो, आणि निखारा लाल आहे तोंच पाण्यानें विझवावा, मग जो कोळसा राहतो तो शेणकाल्यांत भिजवून रानांत मिसळावा, तो ओल धरून ठेवितो. शहाणे त्यास बायोचार म्हणतात, आमच्या बाया मातीचा कोळसा म्हणतात. रयतेस पटलें. परंतु लोक भाविक. त्यांनीं पेटल्या खड्ड्यांस हळदकुंकू वाहिलें, आरती ओवाळिली, आणि मग विझवण्यास कोणाचाच हात उचलेना. पहिल्या दिवशीं सगळ्याची राख जाहली, दुसरे दिवशीं पुन्हां खड्डे पेटले.

"अहो, पाणी घाला कीं!" हरबाजी ओरडले.

तुळसाक्का म्हणून एक शेतकरीण, गावच्या तान्ह्यांचें न्हाणें तिजकडे, ती कंबरेवर हात ठेवून बोलिली, "पुजल्या अग्नीवर पाणी? वैद्यबुवा, आधीं तुमच्या देव्हाऱ्यातल्या समईवर घागर ओता, मग आम्हांला शिकवा." लोक हसले आणि म्हणाले, राखच व्हायची तर खड्डा कशास, उद्यां आपले ढीगच पेटवूं.

हें कानीं पडतांच बाईसाहेब स्वतः घागर घेऊन शिवारीं आल्या, धगधगत्या खड्ड्यास हात जोडिले आणि हळूच म्हणाल्या, "तुळसाक्का, माझ्या नातवाला न्हाऊ कोण घालतं?"

"मीच कीं, मासाहेब."

"पाणी ओततेस, तो रडतो. अपमान करतेस का त्याचा?"

"अवं, न्हाऊन गाढ निजतंय लेकरू!"

"मग ह्यालाही निजव. दमलाय गं."

तुळसाक्कानें बाईसाहेबांच्या हातची घागर घेऊन कडेकडेनें धार धरिली, आणि जिभेच्या सवयीनें "निज रे बाबा, निज" म्हणत गेली, आणि पांढरी वाफ उठली, आणि खालीं काळा कोळसा राहिला. तें पाहून आरती करणारे हातच घागरी उचलूं लागले, आणि ढीग कोणीं पेटविले नाहींत.

पुढें हवा निवळली. राजवैद्यांनीं बाळाच्या छातीस कान लाविला आणि म्हणाले, "राहूं द्या." वेणूबाईनें बांधलेलें गाठोडें सोडिलें, लंगोट धुऊन अंगणांत वाळत घातले, सांज जाहली तरी पांढरे स्वच्छ होते.

सारांश, ज्यास पुजिलें त्यास वेळेवर निजविणें हीही सेवाच. उणें अधिक देवानें पदरांत घ्यावें. येथें लेखणी टेकिली.