वरच्या मजल्याची फाइल

"काका, वर गच्चीतल्या खोलीत पूर्वी जो आवाज व्हायचा, त्याची फाइल तुमच्याकडे आहे ना? ती बघायला आलेय," दारातली मुलगी म्हणाली, आणि हेडक्लार्कांनी आधाराला कडी धरली. या वाक्याची ते एकतीस वर्षं वाट बघत होते.

पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त होऊनही इमारतीत ते हेडक्लार्कच राहिले होते. एके काळी त्यांच्या डोक्यावर, म्हणजे अगदी छताच्या पलीकडे, चार पोरं सहा वर्षं विजेच्या गिटारी आणि ड्रम घेऊन जगावर राग काढत असत. हेडक्लार्कांनी गोंगाट-निवारण कक्षाला त्याबद्दल तीनशे बारा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. पण सरकारी काम आहे, वेळ लागतो, यावर त्यांची श्रद्धा होती. आवाज थांबूनही पंचवीस वर्षं झाली होती, हा तपशील त्यांना गौण वाटला.

"अगं, आल्या!" त्यांनी आत हाक मारली.

"कोण?"

"कक्षातून!"

बायको हात पुसत बाहेर आली. मुलीच्या जाकिटाला ठिकठिकाणी सेफ्टी पिना होत्या. "बिचारीला बटणं लावायलासुद्धा सवड नाही. केवढा कामाचा ताण!" ती पुटपुटली आणि पाणी आणायला वळली.

कपाटातून सहा फाइली निघाल्या. मुलीने पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढले, ते चढवले आणि मगच पहिलं पान उलटलं. हेडक्लार्क बघत राहिले. चौतीस वर्षांच्या नोकरीत कागदाला इतका मान दिलेला त्यांनी पाहिला नव्हता.

"'जावक क्रमांक सात. सायंकाळी सात पाच ते नऊ चाळीस. गाणे: नको. त्यानंतर: नकोच. त्यानंतर: सांगितलं ना, नको.'" मुलीने पानावर बोट ठेवलं. "काका, तुम्ही क्रमसुद्धा लिहिलाय!"

"क्रमाशिवाय तक्रार टिकते का?"

"'जावक क्रमांक अठ्ठावन्न. ड्रमवाला बदललेला दिसतो. नवीन इसम घाई करतो.' अहो, ड्रमर बदलला होता हे त्यांच्या गायकालाही आठवत नाही!"

"त्याला काय आठवणार! शहाऐंशी वाचा."

"'तेच गाणे सतरा वेळा. अकराव्या वेळी जमले होते. पुढील सहा वेळा विनाकारण.'"

मुलीच्या डोळ्यांतून चक्क पाणी आलं. हेडक्लार्कांना भरून आलं. अधिकारी असावा तर असा. "हे सगळं अहवालात येईल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठल्या अहवालात?"

"कक्षाच्या."

"मी कुठल्या कक्षातली नाही, काका. मी 'लिफ्ट बंद आहे'चा इतिहास लिहितेय. तुमच्या तक्रारींचं गायकानेच सांगितलं."

'लिफ्ट बंद आहे' हे त्या बँडचं नाव. इमारतीच्या लिफ्टवरची पाटी उचलून त्यांनी ड्रमवर लावली होती आणि खाली सहा माणसं तासभर लिफ्टची वाट बघत उभी राहिली होती (जावक क्रमांक तीन).

हेडक्लार्कांनी फाइल मिटली. "इतिहास? त्या पोरांचा?"

"कुठल्याही कंपनीकडे गेले नाहीत ते. घरीच दोनशे कॅसेट भरल्या, हातानं कव्हरं रंगवली. आज लोक शोधतात त्यांना. पण गायक म्हणतो बँड दोन वर्षं चालला, गिटारवाला म्हणतो दहा, आणि तिसरा त्या दोघांशी बोलत नाही. कागद कुणाकडेच नाही. तुमची फाइल नसेल, तर असा बँड झालाच नव्हता असंही कुणी म्हणेल."

हेडक्लार्क सावरून बसले. म्हणजे फाइल कपाटात परत ठेवली, की आवाज मुळापासून बंद. कक्षाला जे जमलं नाही ते एका कुलपात होणार होतं. ते किल्ली चाचपायला लागले.

तेवढ्यात मुलीने मोबाइलवर कॅसेटमधलं गाणं लावलं. गिटारींच्या कल्लोळामागून ठक, ठक, ठक असा ठोका येत होता. "हे कोण वाजवतंय, तेच कळत नाही. गायक म्हणतो, जमिनीखालून यायचं."

"झाडूचा दांडा तो," बायको म्हणाली. "हे स्टुलावर चढून छताला मारायचे."

मुलगी खुर्चीवरून उठून उभी राहिली. "काका, ते तुम्ही? त्यांनी तो ठोका मुद्दाम ठेवला गाण्यात! कार्यक्रमात लोक तो पायांनी वाजवायचे. अख्खा हॉल!"

"किती माणसं?"

"साठ."

हेडक्लार्कांनी कार्यालयात चौतीस वर्षं टेबलावर हात आपटला होता. तीन माणसंही जागची हलली नव्हती. त्यांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. "दुसऱ्या ठोक्याला थोडी घाई झालीय," ते नम्रपणे म्हणाले. "ड्रमवाल्यामुळे."

किल्ली राहिली खिशातच. मुलीने सहावी फाइल उघडली आणि हेडक्लार्कांना एकदम काहीतरी आठवलं. त्यांनी फाइलीवर हात ठेवला.

"ही राहू द्या. किरकोळ आहे."

"पण बँड संपला कधी, तेच शोधतेय मी!"

"काही अर्थ नाही तिच्यात."

त्यातला तो कागद त्यांना कधीच काढून टाकता आला असता. पण एकदा लावलेला कागद काढणारे हात त्यांचे नव्हते. बायकोने त्यांचा हात उचलून बाजूला ठेवला. "वाचू दे की हो तिला."

"'जावक क्रमांक तीनशे नऊ,'" मुलगी वाचू लागली. "'विषय: आवाज न आल्याबाबत. महोदय, गेले चार दिवस वरील खोलीतून कोणताही आवाज नाही. नकोच या गाण्याचे तिसरे कडवे अर्धवट राहिले आहे. तरी त्वरित चौकशी व्हावी.'" तिने पान उलटलं. "पहिलं स्मरणपत्र. दुसरं. तिसरं."

हेडक्लार्क चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

मुलीने हातमोजा काढून गायकाला फोन लावला. तो आता दातांचा डॉक्टर होता. मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"कोण? खालचे काका?" डॉक्टरांचा आवाज एकदम विशीतला झाला. "काका, चुकलंच. न सांगता बंद केलं आम्ही. मला डेंटलला ॲडमिशन मिळाली."

"ते असू दे," हेडक्लार्क फोनवर ओरडले. "तिसऱ्या कडव्याचं काय झालं?"

घरघर थांबली. "तोंड उघडंच ठेवा हं," डॉक्टर कुणाला तरी म्हणाले आणि मग बेसूर, घसा फोडून, अख्खं कडवं गायले. मागून पेशंटही काहीतरी म्हणत होता, पण ते शब्द कळत नव्हते.

हेडक्लार्कांनी घड्याळ बघितलं, कोरा कागद घेतला आणि लिहिलं: जावक क्रमांक तीनशे तेरा. सायंकाळी पाच वीस. गाणे: नकोच, तिसरे कडवे. तक्रार नाही.