भिवरेने विहिरीपाशी नाव परत मागितले त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, गडदेवतेस नमन, आणि ज्यांची नावे आम्हीच हरविली म्हणून घेता येत नाहीत त्यांस साष्टांग नमन करून हा मजकूर लिहावयास बसलो. विहिरीस माणूस देऊ लागल्यास एकतिसावे वर्ष, आश्विन शुद्ध पंचमी, ते दिवशी जे जाहले ते पाहिले तैसे लिहितो.

राज्य लहान, डोंगरावरचे, एक गड आणि खाली बारा गावे. गडाचे पोटात खडकातली विहीर, तिचे पाणी काळे, आणि त्या पाण्यात जी राहात असे तिला लोक धनीण म्हणत. थोरल्या महाराजांचे वेळेस गनिमाचा वेढा पडला, तेव्हा त्यांनी तिजपाशी करार केला की दर साली गडावरील एका घराने आपले एक माणूस द्यावे आणि तिने घाटात काळे धुके सोडून गनिमास वाट चुकवावी. रीत ऐसी की घरोघरच्या खुणेची पाने मडक्यात घालून एक काढावे, ज्या घराचे पान निघेल त्या घरच्यांनी विहिरीचे काठी उभे राहून आपल्यातील एकाचे नाव खाली उच्चारावे, मग ते माणूस पायऱ्या उतरून जाई आणि वरचे सर्व लोक त्यास विसरून जात. आई लेकरास विसरे आणि नवरा बायकोस विसरे. दुःख उरत नाही म्हणून ही मोठी सोय जाहली ऐसे दरबारात म्हणत. परंतु लाज उरत असे. दिलेल्या घरची माणसे कोणाचे नजरेस नजर देईनात, आणि लाज कशाची हे त्यांस सांगता येईना. तीस वर्षांत गडावर मान वर करून चालणारे माणूस विरळा जाहले.

त्या गडावर भिवरा म्हणून सतरा वर्षांची मुलगी महादरवाजाचा पहारा करी. बाप रायाजी नाईक तापाने वारला तेव्हा तिने त्याचा भाला उचलिला, आणि जमादार हसले, मग तिने आठ दिवसांत दोन हेर पकडून बांधून उभे केले तेव्हा हसणे बंद जाहले. घरी ती आणि तिची आई जानकाई. भाद्रपद सरता सरता तिने पेटीतले कपडे उन्हात घालावयास काढिले, तो तळाशी एक अर्धी शिवलेली चोळी निघाली, बारा वर्षांच्या पोरीचे अंगाची, सुई तशीच टोचलेली, आणि कापड गेल्या दसऱ्यासाठी भिवरेस घेतले तेच.

भिवरा बोलिली, "आई, ही कोणाची?"

जानकाई बोलिली, "मला ठाऊक नाही गं. मी दर महिन्यास काढते, पाहते, आणि परत ठेवते."

"गेल्या साली आपले पान निघाले होते. आपण कोणास दिले?"

"ते विचारू नये, बाई," ऐसे म्हणून जानकाई भिंतीकडे तोंड करून बसली.

मग भिवरेने भाला घेतला, आणि कोणास न पुसता भर दुपारी विहिरीच्या पायऱ्या उतरली. खाली उजेड थोडा, आणि त्या उजेडात तिने पाहिले की पाण्यात गळ्यापर्यंत बुडून तीस माणसे उभी आहेत, डोळे उघडे, श्वास चालू, आणि त्यांतील एकही तिच्या ओळखीचे नाही. त्यांच्यामधून धनीण वर आली. तिचे तोंड पाण्यासारखे, त्यात पाहणाराचेच तोंड दिसे. भिवरेने भाल्याचे टोक तिचे गळ्यास लाविले आणि म्हणाली की आमचे माणूस दे.

धनीण शांतपणे बोलिली, "मी कोणास ओढून आणीत नाही. ज्याने नाव दिले त्याने मागावे."

"कोणी दिले?"

"तू दिलेस. धाकटी बहीण तुझी, तुझा हात धरून काठी उभी होती. आईने तोंड उघडिले, आणि आता ती तुझे नाव घेणार ऐसे वाटून तू घाईने धाकटीचे घेतलेस. आई स्वतःचे घेणार होती."

तेव्हा भिवरेचे हातून भाला सुटून पाण्यात गेला. तिला स्मरण काही जाहले नाही, परंतु वर्षभर पोटात जी लाज होती ती हीच, हे तिने ओळखिले. मग विचारिले, "मागावे कैसे?"

धनीण बोलिली, "ज्या लोकांसमोर दिलेस त्यांसमोर सगळे सांग. सगळे सांगितले तर नाव आपोआप तोंडी येईल. परंतु एक जरी परतले तरी करार मोडला. धुके विरेल, आणि गनीम घाटाखालीच बसला आहे."

पंचमीस सारा गड विहिरीपाशी जमला, महाराज बैठकीवर, दिवाण विसाजीपंत मडके घेऊन उभे. पानास हात घालणार तो भिवरा पुढे जाहली. विसाजीपंत म्हणाले, "मुली, मागे हो." ती हटली नाही. महाराज म्हणाले, "विसरलेले उकरून कोणाचे भले होणार?" ती बोलिली, "महाराज, भले होईल ऐसे मी म्हणत नाही. गनीम आला तर दरवाजात प्रथम मी उभी राहीन. परंतु हे मी केले आहे आणि सांगणार आहे." आणि तिने सांगितले, आपण भ्यालो, आईवर भरवसा ठेविला नाही, आणि जी आपल्याहून लहान व आपल्यास बिलगलेली तिलाच पुढे केले. बोलता बोलता तिचे तोंडून नाव निघाले, राही. जानकाईने ते ऐकून पदर तोंडास लाविला, आणि पायऱ्यांवरून ओल्या परकराची पोर वर आली.

मग म्हातारा जमादार पुढे येऊन आपल्या लाजेपासून सांगू लागला, बोलता बोलता त्यास आठवत गेले, आणि त्याची बायको वर आली, ती वीस वर्षांची आणि तो साठीचा, आणि दोघे एकमेकांकडे पाहून रडली. ऐसे बारा जणांनी सांगितले आणि बारा परतले. महाराज उठून आत गेले. हा लिहिणार तेथेच होता. माझ्या घराचे पान नवव्या साली निघाले होते. मी पागोटे सारखे केले आणि जमिनीकडे पाहात राहिलो.

संध्याकाळपावेतो धुके विरले आणि तिसरे दिवशी गनीम घाट चढून आला. भिवरेने नवा भाला घेऊन दोन दिवस दरवाजा धरिला, आणि जे सांगून मोकळे जाहले होते ते तिचे पाठीस उभे राहून प्रथमच आपल्या हाताने लढले. तिचे डावे हाताची तीन बोटे गेली. गनीम थकला, खालची चार गावे घेऊन परत गेला.

घाव भरेपर्यंत राही तिच्याशी बोलली नाही. एके सकाळी दोघी दरवाजाचे कट्ट्यावर बसल्या असता राही बोलिली, "ताई, नाव घेताना तू माझा हात सोडला नव्हतास. घट्ट धरून होतीस. खाली मला तेच आठवे."

भिवरा बोलिली, "होय."

"आता धरू नकोस. धरावासा वाटला तर मी धरीन."

"बरे," ऐसे म्हणून भिवरेने हात मांडीवर ठेविला.

एकूण मजकूर इतुका. तीस दिली, बारा आली, अठरा पाण्यात उभी आहेत. विहीर उघडी आहे, सांगणारास मनाई नाही. मी दोन वेळा काठापर्यंत जाऊन परतलो. माझे घरचे कोण उभे आहे, बायको की लेकरू, हे मला अद्याप ठाऊक नाही.