शेवंताकाकूंची खातरजमा

मोबाईलवर आलेला मेसेज लोक पुढं ढकलतात. शेवंताकाकू तो मागं ढकलतात. म्हणजे ज्यानं पाठवला त्याला फोन लावतात, त्याला कुणी पाठवला ते विचारतात, मग त्या दुसऱ्याला फोन. आंबवड्यात त्यांची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या खडखडाटात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, "त्ये ऱ्हाऊ दे. तू डोळ्यानं बघितलंस का?"

मी इथल्या शाळेवर बदलून आलो आणि त्यांच्या शेजारी खोली घेतली. गावाच्या ग्रुपवर मी टाकलेला पहिलाच मेसेज असा होता, की केळ्यावर दूध प्यायलं तर पोटात विष होतं. पाच मिनिटांत काकू दारात.

"मास्तर, किती मेली?"

"कोण?"

"केळ्यानं."

मला एकही नाव सांगता येईना. मेसेज वेल्ह्याच्या मित्राकडून आला होता. काकूंनी त्याचा नंबर मागून घेतला. तो अजूनही माझ्याशी जपून बोलतो.

'अकरा जणांना पाठवा, शुभवार्ता येईल' असं कुणी पाठवलं की काकू विचारणार, "तुला आली का? आदी ती सांग." शेवटी पोरांनी काकूंना वगळून दुसरा ग्रुप काढला. आठवड्याभरात त्याच ग्रुपवरची माणसं दळणाच्या निमित्तानं गिरणीत यायला लागली. हळूच विचारायची, "काकू, ह्ये खरं हाय का वो?"

एका रविवारी सकाळी ग्रुपवर कामथडीच्या गुरुजींचा हार घातलेला फोटो आला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. गुरुजी आमच्या शाळेतून निवृत्त झालेले, अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, तरी लिहिलं, 'शिक्षणक्षेत्राची न भरून येणारी हानी.'

काकूंनी गिरणी बंद केली. एक फोन, दुसरा, तिसरा. चौथा फोन भोरच्या एका मुलीला लागला. ती म्हणाली, "अहो, काल गुरुजींचा पंच्याहत्तरीचा सत्कार झाला. मी नुसता फोटो स्टेटसला ठेवला होता." कुणीतरी हार पाहिला, हात जोडले. पुढच्यानं हात पाहिले आणि शब्द घातले.

गुरुजींचा फोन मात्र उचलला जात नव्हता.

"कालचं खरं आसंल. आजचं कुनी बघितलंय?" काकू म्हणाल्या. "काढा गाडी."

कामथडीला पोचलो तर गुरुजी अंगणात खुर्चीवर, चष्मा लावून मोबाईल वाचत बसलेले.

"ये शेवंता. आणि हे मास्तर का? 'न भरून येणारी हानी' तुमचीच ना? त्यातल्या त्यात शुद्ध लिहिलंय."

मी मेसेज पुसायला मोबाईल काढला. काकूंनी विचारलं, "फोन का उचलत न्हाई तुमी?"

"दोनदा उचलला गं. समोरचा किंचाळून ठेवून देतो."

मी हसलो. काकू हसल्या नाहीत. पाया पडल्या आणि त्यांचा हात हातात धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

येताना कापूरहोळच्या पुढं त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरून बांधावर बसल्या.

"आमचे मालक पुण्याला दवाखान्यात व्हते. सकाळच्याला पावण्याच्या मोबाईलवर आलं, गेले म्हनून. घरात मानसं जमली. म्या कपाळ पुसून, वाटंकडं डोळं लावून रडत बसले." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मास्तर, त्ये दुपारपतूर जित्ते व्हते. माजं नाव घेत व्हते. नर्सबाईनं मागनं सांगितलं. गाडी काढली आसती तर पोचले आसते म्या. कुनी येक फोन केला न्हाई. म्या बी न्हाई."

मीही त्यांच्याजवळ बांधावर बसलो. शेजारच्या वावरात कुणीतरी भाताला पाणी देत होतं, ते आम्ही बघत राहिलो.

मग काकू उठल्या, लुगडं झटकलं.

"सांजंला जेवाया या. येकटीसाठी चूल पेटवू वाटत न्हाई."