नाबरकाकांच्या नाटकातले मृत्यू

आमच्या शेजारचे नाबरकाका दर गणपतीत दोन-तीन माणसं मारतात. आमच्या हिंदी शहराच्या अन्नपूर्णा भागातल्या मराठी घरांत याचं कुणाला काही वाटत नाही.

काका कवी आणि नाटककार. मूळचे वेंगुर्ल्याचे. तरुणपणी परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये कारकून म्हणून आले. मिल बंद पडली, काका राहिले. कवितेत अजून माड आणि लाटाच असतात. स्वतः मात्र इथला जिरावन मसाला भुरभुरल्याशिवाय पोह्यांना हात लावत नाहीत. गावाची ओढ इतकी अस्सल, की गावी परत जाऊन ती घालवणं त्यांना परवडत नसावं.

मंडळाच्या गणपतीत दर वर्षी त्यांचं नवं नाटक असतं. लिहितात दहा-बारा पात्रांचं. मग कुणाची बदली होते, कुणाची परीक्षा येते. काका म्हणतात, "टेंशन नको घेऊ भिया, निपटवून टाकू." दुसऱ्या दिवशी त्या पात्राला पहिल्याच अंकात हार्ट अटॅक. माझा ऑफिसचा दौरा निघाला तेव्हा मी असाच गेलो. दौरा रद्द झाला म्हणून धावत तालमीला गेलो, तर म्हणाले, "आता मुश्किल आहे. तुझ्यावरचं रडणं फार बढिया उतरलंय." एकदा तर नायकच बंगळुरूला गेला. नायिकेने दोन अंक त्याच्या फोटोवर प्रेम केलं. फोटोने काम बरं केलं, असं जाणकारांचं मत पडलं.

आईचं काम मात्र कायम काकांच्या पत्नीचं, सुमनकाकूंचं. हल्ली त्यांना विसरायला होतं. यंदा तालमीत त्या वाक्य सोडून "दूध उतू गेलं का?" विचारायच्या आणि सगळे गप्प झाले की कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. मंडळाने मला पुढे केलं.

"काका, लोक हसतील काकूंना. यंदा आईला निपटवून टाका ना."

काकांनी हातातली संहिता मिटली. मग म्हणाले, "घरात ती दिवसभर घाबरलेली असते, भिया. स्टेजवरच तेवढी खुश असते. मला थोडा टाइम दे."

नवी संहिता आली. आईला एकही वाक्य नव्हतं. बाकी प्रत्येकाला मात्र तीन-तीन उत्तरं पाठ करायची होती: आई रागावली तर हे, हसली तर ते, भलतंच बोलली तर असं. ती गप्प बसली, तर नुसतं तिच्याजवळ बसायचं.

प्रयोगात मी मुलगा होतो. भर प्रवेशात काकूंनी मला विचारलं, "तू कुणाचा रे?"

"तुझाच गं, आई," मी म्हणालो. उत्तर पाठ होतं.

लोक शांत झाले. त्या शांततेने काकू घाबरल्या आणि विंगेकडे वळल्या. "अहो, चुकलं का माझं?"

आयुष्यात कधी स्टेजवर न आलेले काका तसेच बाहेर आले, त्यांनी काकूंचा हात धरला.

"नाही गं," ते म्हणाले, "मी असंच लिहिलंय."