सोनवणेकाकांची शनिवारची अटक

अन्याय झाला तो सोनवणेकाकांवर. गेल्या मार्चच्या पहिल्या शनिवारी, सकाळी दहा वाजता, लंडनच्या हाउन्सलोमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलच्या दारात. काकांच्या घड्याळात तेव्हा अकरा वाजले होते. हे घड्याळाचं आधी सांगते, कारण त्यावरून माणूस कळेल.

काका सॉलिसिटर आहेत. परदेशातून पकडवॉरंट आलेल्या माणसांचा बचाव करतात. युरोपियन फौजदारी कायद्याचं एकही ऑनलाइन ट्रेनिंग चुकू नये म्हणून त्यांनी कधीतरी घड्याळ ब्रसेल्सच्या वेळेला लावलं, तासभर पुढे. मग काटे मागे घेणं त्यांना माघार वाटू लागलं. आमच्याकडे सातचा कार्यक्रम आठला सुरू होतो. काका सहाला येतात. दार उघडून घेतात, खुर्च्या लावतात, आणि पहिल्या रांगेत एकटे बसून राहतात. आम्ही हसत आलो की म्हणतात, "उशीर झाला तुम्हाला. चालायचंच."

देश युरोपियन युनियनमधून बाहेर पडला तेव्हा सगळ्यांनी त्यांना खांदा दिल्यासारखे चेहरे केले. आता काकांचं काय? काका म्हणाले, "देश बाहेर पडला. चोर पडले का? घटस्फोट झाला की वकिलाचं काम वाढतं की कमी होतं?" आणि त्यांनी पोरं गोळा करायला सुरुवात केली. भीमजयंती असो, बारसं असो, काका करिअर वाटत फिरतात. भांडणारं मूल दिसलं की बचावपक्ष. चहाड्या सांगणारं, सरकारी वकील. दोन भाषा बोलणारं असेल तर कोर्टातला दुभाषा, "सोनं आहे सोनं." आयटीतल्या एका बापाला त्यांनी पंगतीत गाठलं होतं. "तुमचं काम उद्या मशीन करेल. अटक मात्र माणसालाच होणार." बापाचा जिलेबीचा घास घशातच राहिला.

मी पत्रकं लिहिते. भाडेवाढीवर, व्हिसाच्या फीवर, जिथे जीव जळेल तिथे. दरवेळी पहिली प्रत काकांना देते आणि दरवेळी ते चष्मा वर करून एकच विचारतात, "आरोप झकास. पुरावा?" मला राग येतो. मग मी पुरावा शोधते.

तर, शनिवारचा वर्ग. फुकट. वकिली शिकणारी पोरं यायची, आणि काका त्यांना पोलीस स्टेशन उभं करून द्यायचे. एक टेबल, तीन खुर्च्या. आरोपी म्हणून शेजारच्या खोलीतल्या महिला मंडळातून कुणालातरी अटक करून आणायची. काकांचं म्हणणं, "वॉर्सॉ असो की हाउन्सलो, माणूस पकडला की पहिले तीन प्रश्न सुटता कामा नयेत. भाषा कळते का? वकील हवा का? आणि तुम्हाला पकडलंय हे कुणाला कळवायचं?"

सगळ्यात जास्त वेळा अटक झाली ती कुसुममावशींना. काकांनी त्यांना चारदा बजावलं होतं, "मावशी, तुम्ही फक्त 'नो कॉमेंट' म्हणायचं." पण मराठी बाईला गप्प राहण्याचा हक्क दिला तरी ती तो वापरत नाही. पोलीस झालेल्या मुलाने चोरीच्या बॅगेबद्दल विचारलं. मावशी म्हणाल्या, "नो कॉमेंट. पण बाळा, तू जेवलास का? बॅग ना, ती मी नव्हती घेतली, पण घेतली असती तर जावेनं घेऊ दिली नसती, तुला सांगते..." काका कपाळावर हात मारून ओरडले, "मावशी, जन्मठेप!" आणि कुणाला कळवायचं म्हटल्यावर मावशी ताडकन म्हणाल्या, "थोरल्या नणंदेला नको. बाकी सगळ्यांना कळवा."

मी तिथे हसून हसून खुर्चीवरून पडले आहे. पण त्याच खोलीतून पोरं कामाला लागली, हेही लिहून ठेवा.

आता तो मार्चमधला शनिवार. स्नेहलचा सोमवारी इंटरव्ह्यू होता. स्नेहल इथेच वाढली, मँचेस्टरला लॉ केलं, आणि तेव्हापासून एअरपोर्टवर परफ्यूम विकते. दीडशे अर्ज म्हणते ती. काकांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, "पुरावा?" एका लहानशा फर्मने अखेर बोलावलं होतं, काकांसारखंच काम करणारी फर्म. तिथे तिला आरोपीशी बोलून दाखवायचं होतं. त्यासाठी ही शेवटची तालीम.

कुलूप बदललेलं होतं. काका तासभर बाहेर उभे होते. आम्ही पोचलो तेव्हा नवी किल्ली घेऊन अध्यक्षसाहेब आले, मागोमाग स्पीकर घेऊन डान्स टीचर.

"मेसेज टाकला होता की ग्रुपवर, शनिवारी आता डान्स," अध्यक्ष म्हणाले. "अहो सोनवणे, लहान मुलं येतात इथे. गुन्हे, अटक, पोलीस... जरा पॉझिटिव्ह काहीतरी हवं ना समाजाला."

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी मिटलं.

"कॉरिडॉर मोकळा आहे ना?" एवढंच ते म्हणाले.

मग चपलांच्या रॅकशेजारी आम्ही पोलीस स्टेशन मांडलं. आत गाणं सुरू झालं. महिला मंडळ आत नाचत होतं, त्यामुळे आरोपी मिळेना. मला काकांनी नाकारलं, "तू उलट पोलिसांनाच अटक करशील." शेवटी आरोपीच्या खुर्चीत ते स्वतः बसले.

"काका, मला भीती वाटते," स्नेहल म्हणाली.

"वाटू दे. चल, मी पकडला गेलोय."

स्नेहलने छान सुरुवात केली. भाषा कळते? कळते. वकील हवा? हवा, आणि जरा बरा पाठवा. आम्ही हसलो.

"तुमच्या अटकेबद्दल कुणाला कळवायचं?"

वरून विमान गेलं. हाउन्सलोत विमान आलं की सगळेच थांबतात. काका नेहमी एक बोट वर धरून थांबतात आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलतात. त्या दिवशी बोट वर गेलं नाही. विमान गेलं.

"काका?"

"हा सोड. पुढचा घे."

"सोडता कामा नये. तुम्हीच सांगितलं," स्नेहल म्हणाली. शहाणी पोरगी. तिला वाटलं ही परीक्षा आहे.

काकांनी हॉलच्या बंद दाराकडे पाहिलं.

"मंडळाला कळव," ते म्हणाले. "शनिवारी दहाला मी येतो हे त्यांना माहीत असतं. नाही आलो तर कुणीतरी विचारेल."

स्नेहलने लिहून घेतलं. मी चपला नीट लावत बसले, कारण कुठेतरी बघायला हवं होतं.

स्नेहलला ती जागा मिळाली. पण वर्ग अजून कॉरिडॉरमध्येच आहे, आणि काका अजून तासभर आधी येतात. त्यांना आता लावायला खुर्च्याही नाहीत.

अध्यक्षसाहेब, किल्ली द्या. डान्स रविवारीही नाचून होतो.

आणि वाचणाऱ्या, तुलाही सोडत नाही. हाउन्सलोत असशील तर या शनिवारी ये. दहाला नको, नऊला ये. आरोपीच्या खुर्चीत बस. गुन्हा काका देतील. आणि उठताना त्यांना तुझं नाव सांग, फोन नंबर सांग, पुढच्या शनिवारी परत येईन म्हणून सांग. आणि ये.