पट्टी वर, गाडी सरळ

नवऱ्याने छोटी जीप अडीच इंच उंच करून घेतली, ती बायकोच्या नोकरीपायी. ती परिचारिका. डोंगरावरच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती आणि वर जाणारा रस्ता म्हणजे नुसते दगड. महिनाअखेरपर्यंत गाडी चालवायचा परवाना दाखवला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती.

उंच स्प्रिंगा बसल्या, जीप रुबाबदार दिसू लागली आणि स्टिअरिंग वाकडं झालं. गाडी सरळ न्यायची तर ते डावीकडे कलतं धरावं लागे.

"अलाइनमेंट करून घेतो," तो म्हणाला.

"आधी मला शिकव. बाथरूमचा नळ तू दोन वर्षं करून घेतोयस."

गाडी सरळ चालली असताना स्टिअरिंगचा जो भाग वर आला, तिथे तिने बँडेजची पांढरी चिकटपट्टी लावली. पट्टी वर, गाडी सरळ. तीन आठवड्यांत ती झकास चालवू लागली.

नवरा आरेखक होता. वाकडी रेघ दिसली की त्याला जेवण जात नसे. परीक्षेच्या दिवशी पहाटे तो गाडीखाली शिरला, स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचे नट सैल केले, दांडी साडेतीन फेरे फिरवली आणि नट आवळले. स्टिअरिंग अगदी सरळ झालं. पट्टी तेवढी उजवीकडे सरकली. बायकोच्या वस्तूंना हात लावायचा नाही हा घरचा नियम असल्यामुळे ती त्याने तशीच ठेवली. बोललाही नाही, तिला आपसूक कळून आनंद व्हावा, एवढीच इच्छा.

परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले. "त्या दोन पिंपांमधून सरळ काढा."

तिने पट्टी वर आणली. जीप ठामपणे डावीकडे गेली आणि डावं पिंप आडवं झालं.

"बाई, सरळ म्हणालो मी."

"सरळच धरलंय, साहेब."

साहेबांनी पिंपाकडे पाहिलं. "चार वाजता पुन्हा या. महिन्याचा शेवटचा दिवस आहे म्हणून."

फाटकाबाहेर नवऱ्याने कबुली दिली.

"नळ दोन वर्षं गळतोय," ती शांतपणे म्हणाली, "आणि हे तुला आजच सुचलं?"

"पट्टी काढून नीट लावू."

"पट्टी निघेल रे. हातांना लागलेली सवय चारपर्यंत कशी काढू?"

तो इस्त्रीच्या शर्टानिशी गाडीखाली गेला आणि साडेतीन फेरे उलटे फिरवले. नीट असलेली वस्तू जाणूनबुजून वाकडी करायची त्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. पाना दोनदा हातातून निसटला.

चार वाजता तिने पिंपांमधून जीप दोऱ्यात ओवल्यासारखी काढली, मैदानाला वळसा घातला, पुन्हा पिंपांपुढे आणून उभी केली आणि उतरून सही करायला कचेरीच्या खिडकीकडे गेली. मागचा उमेदवार हॉर्न वाजवू लागला, तेव्हा साहेब स्वतःच जीप पुढे घ्यायला बसले. बावीस वर्षं ते परीक्षा घेत होते. त्यांनी नियमाप्रमाणे स्टिअरिंग सरळ केलं.

जीप उजवीकडे गेली. उजवं पिंप गडगडत भिंतीपर्यंत पोचलं. नवरा आभाळाकडे पाहू लागला.

ती शिक्का मारलेला कागद घेऊन आली. आधी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला, चेन लावली. मग जीपच्या खिडकीशी साहेबांकडे वाकून, पेशंटशी बोलायच्या आवाजात म्हणाली,

"घाबरू नका, साहेब. होतं असं पहिल्यांदा. पट्टी वर ठेवायची."